नेट फुल आहे म्हणे!

काल दुपारी इंटरनेट कंपनीचा मुलगा आमच्या घरी येऊन गेला आणि तेव्हापासून चढलेला माझा पारा अजून उतरलेला नाही. परवा रात्री मुलगी मागच्या खोलीत नीटची ऑनलाइन सराव परीक्षा देत होती आणि 180 पैकी 172व्या प्रश्नावर ते गोल चक्र जे फिरू लागले, ते वेळ संपेपर्यंत फिरतच राहिले. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू ते चक्र मीच हाताने फिरवत होतो. त्याच रात्री मी तक्रार नोंदवली होती.

तर हे गृहस्थ आले. त्यांनी राउटरपासून हातभर अंतरावर उभे राहून स्वतःच्या मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली, 94चा आकडा माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "नेट तर फुल येलालंय की ओ काका." मी म्हणालो, "बाबा रे, आम्ही काही राउटरच्या डोक्यावर बसून राहत नाही, मागच्या खोलीत चल." त्यावर त्यांनी जागचे न हलता सांगितले, "मागच्या रूमचं आमच्याकडं नसतंय. डब्यापर्यंत आणून द्यायचं, एवढंच आमचं काम." टँकरवाल्याने गल्लीच्या तोंडाशी पाणी ओतून द्यावे आणि "आलं की पाणी" म्हणून पैसे मागावेत, त्यातला हा प्रकार. एवढे झाल्यावर सौ.ने केलेला चहा त्यांनी सावकाश घेतला आणि जाता जाता म्हणाले, "ओटीपी सांगा, तक्रार बंद करायचीय." मी तो मुकाट्याने सांगितला, आणि खरी चीड मला त्याचीच आहे. तासाभराने मेसेज आला, की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कोणाचे समाधान झाले, ते मात्र त्यात लिहिलेले नव्हते. मागच्या खोलीत तीच टेस्ट 3च्या पुढे सरकत नव्हती.

आता घराविषयी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि लातूरकडच्या त्या पिढीने एकच धसका घेतला. आमच्या वडिलांनी 1995 मध्ये हे घर बांधताना गवंड्याने सांगितलेल्या सळ्यांच्या दीडपट सळ्या घालून घेतल्या. त्यांचे काही चुकले नाही. परंतु भूकंपाला दाद न देणारी ती भिंत वायफायलाही दाद देत नाही, आणि राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत अशा दोन भिंती आहेत. त्यात बोळीत पाण्याचे 200 लिटरचे तीन ड्रम ओळीने उभे आहेत. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या आमच्या लातुरात ते ड्रम हलवा, असे कोणी कोणाला सांगू शकत नाही. भिंतीतले लोखंड लहरी परतवते, ड्रममधले पाणी उरलेल्या शोषून घेते, आणि त्यातूनही काही वाचलेच तर सासुरवाडीहून आलेले लोखंडी कपाट दारालगत उभे आहेच.

"रिपीटर घ्या, रिपीटर घ्या" म्हणणाऱ्यांचा तर मला वेगळाच राग आहे. रिपीटर म्हणजे राउटरचा सिग्नल झेलून पुढे ढकलणारा डबा. गेल्या दिवाळीत मी तो घेतला आणि सिग्नल जिथे मरतो, बरोबर त्याच मागच्या खोलीत लावला, कारण ज्याला ताप आहे त्यालाच गोळी द्यायची असते, अशी माझी समजूत होती. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळत नव्हता, तो पुढे काय देणार? मग त्याला अर्ध्या वाटेवर आणले. मोबाईलवर रेषा भरल्या, वेग मात्र निम्म्यावर आला, कारण हा स्वस्तातला डबा ज्या चॅनलवर घेतो त्याच चॅनलवर परत देतो. मोठ्या भाच्याने फोनवरून सल्ला दिला, की वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी 2.4 सोडून पाच गिगाहर्ट्झवर जा, ते वेगवान असते. असते ना, पण ते भिंतीपुढे दोन पॉइंट चारपेक्षाही लवकर हात टेकते, हे सांगायला तो विसरला.

इथे एक कबुली देणे भाग आहे. राउटर घराच्या मधोमध, उंचावर आणि मोकळा ठेवावा, असे तो बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते. नव्या रंगावर वायर दिसायला नको म्हणून मीच तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे आणि पितळी समईच्या शेजारी ठेवायला लावला आणि धूळ बसू नये म्हणून वरून क्रोशाचा रुमालही घातला. हे मुलीला काल कळले. त्यानंतर घरात माझ्याशी फारसे कोणी बोललेले नाही.

म्हणून आज सकाळी राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत सरळ केबल ओढून टाकायची, असे ठरवून इलेक्ट्रिशियनला बोलावले. दुसऱ्या भिंतीत चार इंच गेल्यावर ड्रिल सळईला लागले आणि बिट मोडला. "काका, भिंत हाय का धरण?" असे विचारून त्याने बिटाचे पैसे वेगळे लावले. केबल शेवटी दारादारातून जमिनीवरूनच न्यावी लागली, आणि मी मोठ्या हिशेबाने आणलेली 20 मीटरची केबल मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर संपली. सध्या मुलगी उंबऱ्यात पाट टाकून परीक्षा देते आणि ड्रमकडे पाण्याला जाणारा प्रत्येक जण त्या केबलीला अडखळून माझ्या नावाने काहीतरी पुटपुटतो.