मेंढ्या हटवून माळ वाचणार नाही

माळरानाबद्दलचा एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: आपले माळ एकेकाळी जंगल होते, धनगरांच्या मेंढ्यांनी ते उजाड केले, मेंढ्यांमुळेच माळढोक पक्षी गेला आणि लांडगा संपत चालला आहे, म्हणून चराईला पूर्ण बंदी घाला, झाडे लावा, माळ पुन्हा हिरवा होईल. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, यात मला शंका नाही. पण या संदेशातले जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीच्या दिशेला नेणारे आहे, आणि त्यावर विसंबून निर्णय झाले तर माळही जाईल, माळावरची माणसेही जातील. म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलतो.

पहिला मुद्दा, ‘माळ म्हणजे उजाड झालेले जंगल’. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत पाऊस कमी, माती उथळ, खाली मुरूम किंवा कातळ. अशा जमिनीवर गवत आणि विरळ काटेरी झाडे हीच निसर्गाची मूळची मांडणी आहे. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेचे झाड दाखवतात. ते वड-पिंपळ नाही, ती तरटी आहे, कोरड्या उघड्या माळाची काटेरी तरटी. मंगळवेढ्याच्या या संत कवयित्रीची कथा शतकानुशतके तरटीशी जोडलेली आहे, कारण त्या मुलखात तीच उगवायची. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, कथा, संतचरित्रे यांत कोणत्या वनस्पती येतात, हे अभ्यासकांनी अलीकडेच तपासले. त्यांतल्या बहुसंख्य वनस्पती गवताळ माळाच्या निघाल्या, घनदाट अरण्याच्या नव्हेत. ‘पडीक’ हा शिक्का नंतरचा. इंग्रजी अमलात ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती सरकारी दप्तरात निरुपयोगी ठरली. आपण तो शब्द अजून उचलून धरतो आणि त्यावर पवनचक्क्या, औद्योगिक वसाहती, सोलर पार्क, प्लॉटिंग मंजूर करतो. देशातल्या अशा खुल्या नैसर्गिक जमिनींपैकी पाच टक्केही संरक्षित क्षेत्रात नाहीत.

यातूनच झाडे लावण्याचा मुद्दाही निकालात निघतो. गिरिपुष्प, सुबाभूळ, नीलगिरी लावून माळ ‘हिरवा’ करता येतो, पण मग तो माळ राहत नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात, जिथे माळढोकासाठी अभयारण्य केले, तिथेही गिरिपुष्पाच्या लागवडी उभ्या राहिल्या. उघड्या जमिनीवर लांबवर नजर टाकून जगणाऱ्या पक्ष्याला सावलीचा काय उपयोग? २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचे लक्ष्य होते. असे आकडे गाठायचे म्हटले की खड्डे घ्यायला सगळ्यात सोपी जागा माळच सापडते. या खड्ड्यांबद्दल मेंढ्यांना दोष देणारा संदेश एक अक्षर बोलत नाही, याचे मला वाईट वाटते.

‘मेंढ्यांमुळे माळढोक गेला.’ इथे जरा थांबायला हवे, कारण नान्नजची गोष्ट या संदेशाच्या नेमकी उलट आहे. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून तिथले काही छोटे तुकडे कुंपण घालून राखले गेले. त्या राखलेल्या गवतात माळढोक अंडी घालायचा, आणि पोट भरायला बाहेरच्या चराऊ माळावर, ज्वारी-हरभऱ्याच्या रानात हिंडायचा. त्याला दोन्ही लागत होते. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतला सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात गावेच्या गावे आली, खासगी शेते आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर माळढोक निवांत फिरायचा त्याच्या मनात पक्ष्याविषयी राग भरला. पुढे हे क्षेत्र घटवून साधारण १२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर भोवतालचा माळ नांगराखाली गेला होता, ज्वारीच्या जागी ऊस आला होता. माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे एकेक पक्षी गेला तरी भरून यायला वर्षे लागतात. उरलेल्या पक्ष्यांना विजेच्या तारा मारतात. जड शरीर आणि समोरचे कमी दिसणारी नजर, त्यामुळे उडताना तार चुकवता येत नाही. राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकांसाठी २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तो तारांबद्दल. मेंढ्यांबद्दल नव्हे.

‘बंदी घातली की सगळे परत येते.’ भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ साली म्हशींची चराई बंद केली. विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासातून दिसले की म्हशी गेल्यावर पाणथळीत गवत माजले, उघडे पाणी आकसले आणि पाणपक्ष्यांची पंचाईत झाली. ही तीच संस्था, जिचा आधी बंदीला पाठिंबा होता. तिने आपल्या आधीच्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट मांडली, याबद्दल मला फार आदर वाटतो. दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातल्या करेऱ्याचे. माळढोकासाठी १९८१ साली अभयारण्य झाले, काळवीट वाढले, पिके खाल्ली जाऊ लागली, जमीन विकता येईना, लोक चिडले. नव्वदच्या दशकात तिथून माळढोक नाहीसा झाला.

गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो. मेंढीने वरचे पाते खुडले तरी गवत मरत नाही. वेळेवर खुडले आणि मग रान मोकळे सोडले, तर मारवेल, पवन्या ही माळाची गवते पुन्हा फुटतात. आखूड गवत असेल तिथे धाविक आणि चंडोल हे पक्षी दिसतात, तणमोर पक्ष्याला मात्र उंच गवत हवे. सगळा माळ एकाच उंचीचा झाला, मग तो चरून झालेला असो की राखून, तर कुणाचे तरी घर मोडते.

लांडग्याच्या मुद्द्यावर संदेश अर्धे खरे बोलतो. त्याची बिळे बुजवल्याच्या, धूर करून पिले मारल्याच्या घटना घडल्या आहेत आणि त्यांचे समर्थन होऊच शकत नाही. पण महाराष्ट्रातला लांडगा जगतो कशावर? मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांवर. एका कळपाला शंभर चौरस किलोमीटरच्या वर मुलूख लागतो. बारामतीजवळचे मयूरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटरचे आहे, नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचे रेहेकुरी दोनच्या आसपास. तेवढ्यात लांडगा मावत नाही. तो मावतो वाड्यांच्या, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगर बिऱ्हाडांच्या वाटांवर, बाहेरच्या माळावर. मेंढ्या काढल्या तर तो गावाच्या कडेला, दावणीच्या शेळीकडे आणि उकिरड्यावरच्या कुत्र्यांकडे येणार. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. कुत्र्यांचे रोगही त्याला लागतात.

आता संदेशातली एक गोष्ट मान्य करतो. चराईने माळ खराब होतो, आणि मी तो होताना पाहिला आहे. पण कुठे? जिथे गायरान आकसून चार एकरांवर आले आणि गावातली सगळी जनावरे बारा महिने तिथेच तोंड घालतात. वाडा तसा नसतो. दिवाळीच्या सुमारास तो बिऱ्हाड घोड्यांवर लादून घाटाखाली निघतो, वाटेत शेतात मेंढ्या बसवतो, रात्री मेंढ्यांभोवती वाघर म्हणजे जाळी लावतो, लेंडीखताच्या बदल्यात भात किंवा पैसे घेतो आणि मोठा पाऊस लागायच्या आत परत फिरतो. मधले महिने माळ विसावा घेतो. हे फिरणे आपणच अवघड केले आहे. रस्ते रुंद झाले, कुंपणे आली, वाटांवर वनखात्याची लागवड आली, आणि थांबायला लागलेला कळप साहजिकच एका जागी जास्त खातो.

अडचण खरी आहे ती पावसाळ्यात. वाडे माळावर असतात तेच महिने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे. तिथे माळाचे तुकडे पाडून काही दिवाळीपर्यंत राखावेत, काही खुले ठेवावेत, आणि कोणते तुकडे कधी, हे वाड्यांसोबत बसून ठरवावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्क मान्य केला आहे. म्हणजे त्यांना बैठकीत बोलावणे ही मेहेरबानी नव्हे. लांडग्याने मेंढरू नेले तर भरपाईची तरतूदही आहे. पण ठरावीक मुदतीत कळवा, मेलेले जनावर हलवू नका, पंचनाम्याची वाट पाहा, या अटी गोठ्यात जनावर बांधणाऱ्याला धरून लिहिल्या आहेत. आज इथे आणि उद्या पंधरा किलोमीटर पुढे असलेल्या बाईने, पाठीशी पोर आणि समोर तीनशे मेंढ्या असताना, दोन दिवस एका मेलेल्या कोकराजवळ कसे थांबायचे? तिच्या पुढच्या मुक्कामाच्या गावात पंचनामा व्हावा, फोनवर काढलेला फोटो चालावा, एवढी दुरुस्ती केली तरी लांडग्याच्या बिळावर धूर करण्याचे एक कारण कमी होईल.