बाबांचा सिबिल आणि मुलाचा व्हिसा

कॅनडाच्या पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, किंवा अमेरिकेच्या ग्रीन कार्डच्या अर्जात "वडिलांचा सिबिल स्कोअर किती?" असा रकाना नसतो. (सिबिल स्कोअर म्हणजे माणसाने आपली कर्जं कशी फेडली त्याचे गुण.) हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीत भाजी घेताना, लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, सगळीकडे मला एकच प्रश्न विचारला जातोय, बाबांचा सिबिल खराब असेल तर मुलाचा व्हिसा अडतो का. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य गेलं, त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक मला चालताबोलता चौकशी काउंटर समजतात. समजू देत.

पण परवा जे ऐकलं त्याने डोकं फिरलं. आमच्या शेजारचा मुलगा ऐरोलीला आयटीत आहे, कॅनडाच्या पीआरची तयारी करतोय. त्याचे वडील मेहुण्याच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन राहिले होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टेम्पो उभा राहिला, हप्ते थांबले, खातं थकीत गेलं. जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही ते दिसतं, तसं यांच्याही दिसलं. स्टेशनजवळच्या एका एजंटने तो कागद बघितला आणि सांगितलं, "फादरचा सिबिल निगेटिव्ह आहे, फाइल रिजेक्ट होणार. पैसे भरा, क्लीन करून देतो." झालं. घरात अबोला. पोरगा म्हणतो, बाबांनी माझं करिअर घालवलं.

अरे, कुठे घालवलं?

सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, तो माणसाच्या पॅनशी बांधलेला असतो आणि भारतातल्या बँकांसाठी असतो. बापाचा स्कोअर मुलाच्या रिपोर्टमध्ये उतरत नाही. दोघं एकाच कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार असतील तर ते कर्ज दोघांकडे दिसतं, एवढंच. आणि "क्लीन" म्हणजे काय? रिपोर्टमधली नोंद चुकीची असेल तर तक्रार तुम्ही स्वतः फुकट करू शकता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ती ३० दिवसांत निकाली काढायची असते, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. नोंद खरी असेल तर ती कुणाचा बापही पैसे घेऊन पुसू शकत नाही. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तोही सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ठिकाणांहून. एजंटकडे जायच्या आधी तो तरी काढा.

ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही, हेही सांगते. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत अमेरिकेने ग्रीन कार्डच्या बऱ्याच अर्जदारांकडून आय-९४४ नावाचा फॉर्म मागायला सुरुवात केली होती. हा माणूस उद्या सरकारवर भार होईल का, हे ठरवताना त्यात क्रेडिट रिपोर्ट आणि स्कोअरही बघत. फेब्रुवारी २०२० मध्ये ते लागू झालं, मार्च २०२१ मध्ये बंद झालं. पण तो रिपोर्ट अमेरिकेतला होता आणि अर्जदाराचा स्वतःचा होता. ठाण्यातल्या बाबांचा नव्हे. अमेरिकेतल्या नातेवाइकाने स्पॉन्सर केलं तर त्याचं उत्पन्न बघतात, बहुतेकांना ते तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के दाखवावं लागतं. त्याने क्रेडिट कार्डाचं बिल कधी चुकवलं होतं का, हा प्रश्न स्पॉन्सरच्या फॉर्मवर नाही.

कॅनडात स्पॉन्सर करणारा नवरा किंवा बायको दिवाळखोर जाहीर झालेली असेल आणि त्यातून अजून सुटका झालेली नसेल, तर मात्र स्पॉन्सर करता येत नाही. तेव्हा ब्रॅम्प्टनच्या जावयाची चौकशी करायची तर ही करा, त्याच्या बापाच्या गृहकर्जाची नको.

मग घरच्यांचा क्रेडिट इतिहास आडवा येतच नाही का? येतो. पण तो वकिलातीत येत नाही, आपल्याच बँकेच्या काउंटरवर येतो. मुलीला शिकायला परदेशी पाठवायचंय, शैक्षणिक कर्ज हवंय, तर बँक बहुतेक वेळा आई किंवा वडिलांना सहकर्जदार करते आणि त्यांचा रिपोर्ट काढते. तिथे जुना टेम्पो उभा राहतो. कर्ज अडलं की पैशांची सोय दाखवता येत नाही, आणि मग व्हिसा अडतो. लोक म्हणतात वडिलांच्या सिबिलमुळे व्हिसा गेला. मधला जिना कुणी मोजत नाही. त्यात बँकही बरेचदा मार्ग काढते, सहकर्जदार बदलता येतो, आईचा रिपोर्ट चांगला असतो, तारण देता येतं. पण त्यासाठी घरात आधी बोलावं लागतं ना! आपल्याकडे बाप जामीन राहिलाय हे बायकोला कळतं वसुलीची नोटीस आली की.

जामीन राहणं म्हणजे नुसती सही नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की कर्जदाराची जबाबदारी जेवढी, तेवढीच जामीनदाराची. बँक आधी तुमच्याकडे आली तरी तक्रार चालत नाही. माझ्या टेबलासमोर "मी तर फक्त सही केली होती" म्हणणारी किती माणसं बसून गेली!

दुसरा नेहमीचा प्रश्न, कर्ज थकलं तर विमानतळावर अडवतात का. सरकारी बँकांच्या प्रमुखांना थकबाकीदाराविरुद्ध लुकआउट नोटीस मागायचा अधिकार २०१८ मध्ये दिला होता. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये तो रद्द केला. कोर्टाचा किंवा तपास यंत्रणेचा आदेश असेल तर गोष्ट वेगळी. आणि चेक न वटल्याची केस हलक्यात घेऊ नका. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तो फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अर्जात तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का असं विचारलं असेल तर तिथे खरं उत्तर द्यावं लागतं.

माझ्या मते खरा धोका वेगळाच आहे. घरातलं कर्ज लपवायला आणि खातं भरलेलं दाखवायला हेच एजंट दुसरा उद्योग सांगतात. कुणाचे तरी पैसे थोडे दिवस खात्यात फिरवा, पत्र काढा, परत करा. कॅनडाला पीआरसाठी ज्यांना पैसे दाखवावे लागतात, त्यांच्या बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक किती आणि अर्जदाराच्या नावावर क्रेडिट कार्ड किंवा कर्जाचं देणं किती, हे सगळं लागतं. उसने पैसे चालत नाहीत, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं दार बंद. बापाच्या थकीत हप्त्याने जे झालं नसतं, ते या हुशारीने होतं.

शेजारच्या मुलाला मी हेच सांगितलं. त्याच्या स्वतःच्या नावावर कर्ज नाही, बचत आहे, खातं जुनं आहे. एजंटला एक रुपया द्यायचा नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं. वडिलांना वेगळं बसवून म्हटलं, बँकेत जाऊन बोला, पण कमी रकमेत तडजोड करायच्या आधी विचार करा. रिपोर्टवर "सेटल्ड" असा शिक्का बसतो आणि पुढच्या कर्जाला तो बँकांना आवडत नाही. जमत असेल तर पूर्ण भरा आणि काही देणं उरलेलं नाही असं नो ड्यूजचं पत्र घेतल्याशिवाय उठू नका. ते आता थोडे थोडे भरतायत.

मेहुणा अजून गणपतीला येतो, चार मोदक खातो आणि टेम्पोचा विषय निघाला की हात धुवायला उठतो.