‘सेल्समनला बोलूच देऊ नका’ म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला. जुनी गाडी घ्यायला जाताना काय करावं, तर: सेल्समनला बोलू देऊ नका, गाडी आवडली तरी तोंड वाकडं ठेवा, महिनाअखेरीस जा, तो सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा, टोकन देऊन गाडी अडकवा, आरटीओचं काम त्याच्यावर सोडा. खाली ‘सर्वांना पाठवा’. मी नाही पाठवला.

पहिलाच सल्ला उलटा. बोलू द्या की त्याला! गेल्या महिन्यात मेहुण्याबरोबर लिंक रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या एका डेपोत गेलो होतो. पोरगा चुणचुणीत. ‘काका, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी. घर ते दवाखाना, बस.’ (जुन्या गाड्यांच्या बाजारात एवढे डॉक्टर आहेत, तर सरकारी इस्पितळांत का कमी पडतात कळत नाही.) मीटरवर ४१ हजार. मी एवढंच विचारलं, ‘सर्व्हिसिंग कुठे व्हायचं?’ ‘कंपनीतच, काका.’ ‘मग बिलं असतील.’ तो केबिनमध्ये बिलं शोधायला गेला तेवढ्यात मेहुण्याने बॉनेट उघडलं. आत एका साध्या गॅरेजचा तेलकट स्टिकर, त्यावर बॉलपेनने: पुढचं ऑइल ६८,००० ला. दवाखाना बराच लांब असणार!

तोंड वाकडं ठेवण्याबद्दल काय बोलावं? दिवसभर तो अशीच तोंडं बघतो.

महिनाअखेरीचं गणित नव्या गाड्यांच्या शोरूमचं. तिथे टार्गेट असतं. डेपोतली गाडी एक तर मालकाने स्वतःचे पैसे घालून घेतलेली असते, नाहीतर ‘पार्क अँड सेल’, म्हणजे गाडी दुसऱ्याची आणि डेपोला कमिशन. पार्क अँड सेलमध्ये शेवटचा भाव मूळ मालकाला फोन केल्याशिवाय ठरतच नाही, मग तारीख ३० असो की ५. त्यापेक्षा गाडी किती दिवस उभी आहे ते बघा. वायपरखाली साचलेली धूळ, जंप-स्टार्ट लागणारी बॅटरी, संपलेला इन्शुरन्स पुरेसं सांगून जातात.

निम्म्याने सुरुवात केलीत तर तो चहा प्यायला निघून जाईल. भाव वस्तू दाखवून तोडावा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. चारही तसलेच असतील तर नव्या सेटचे पैसे वजा करायला सांगा. इन्शुरन्सचंही तसंच. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे ‘इन्शुरन्स चालू आहे’ म्हणून वाढवलेल्या भावातला तेवढा भाग तुम्ही द्यायचा नाही.

टोकनने गाडी अडकत नाही, तुम्ही अडकता. द्यायचंच असेल तर गाडीचा नंबर, रक्कम आणि ‘कर्जाचा बोजा किंवा चलान निघाल्यास परत’ एवढं लिहून सही घ्या. गाडीवर बोजा आहे का, हे सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसतं, थकलेली ई-चलानंही ऑनलाइन दिसतात.

आरटीओचं काम त्याच्यावर सोडणं सगळ्यात महागात पडू शकतं. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते दाखवायला सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा ३५ सुद्धा. इन्शुरन्स आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत. तो राहिला आणि गाडी ठोकली, तर समोरच्याची भरपाई निघेल, तुमच्या बंपरची नाही.

माझ्या गाडीच्या वेळी मी २० हजार राखून ठेवले होते. डेपोवाला कुरकुरला. आरसीवर नाव चढल्यावर दिले.