रोल केजवरचा पायजमा

आज सकाळी साडेसातला शेजारचे काका माझ्या दारात उभे होते आणि त्यांच्या हातात त्यांचाच पायजमा होता. पांढरा. म्हणजे काल रात्रीपर्यंत पांढरा. आता त्याच्या दोन्ही पायांवर, गुडघ्याच्या जरा वर, चार बोटं रुंद नारिंगी पट्टा उमटला होता. पट्टा अगदी सरळ होता. ओळंबा लावून काढल्यासारखा.

"हे तुझ्या गाडीने केलंय," काका म्हणाले.

आणि मी "सॉरी काका" म्हणालो. ते मला अजून बोचतंय. गाडी माझी, अंगण माझं, नुकसान माझं, आणि माफीही मीच मागितली. तोंडातून निघून गेली. लहानपणचं वळण वाईट.

थोडक्यात सांगतो. गेली तीन वर्षं मी घरच्या गॅरेजमध्ये ऑफ-रोड शर्यतीचा ट्रक बांधतोय. परवा सांगाड्याचा आणि त्यावरच्या रोल केजचा, म्हणजे गाडी उलटली तरी आतली माणसं चेंगरू नयेत म्हणून असलेल्या नळ्यांच्या पिंजऱ्याचा, शेवटचा वेल्ड संपला. काल तो रोलरवर ढकलत अंगणात आणला. चाकं लावली की तो गॅरेजच्या दारापेक्षा रुंद होतो. हे माझ्या दुसऱ्या वर्षी लक्षात आलं, त्याबद्दल मला विचारू नका. दिवसभर घासला. सॉल्व्हंटने तीनदा पुसला, कारण नळ्या कारखान्यातून तेल लावून येतात आणि तेलावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरत नाही. संध्याकाळी सांगाडा नुसता चकाकत होता. तेलाचा थेंब नाही, रंगाचा थर नाही, उघडंवाघडं पोलाद. अशा पोलादाला मी हातमोज्याशिवाय हात लावत नाही, बोटाच्या घामानेही ठसा गंजतो. सकाळी उठून प्रायमर मारायचा, असं ठरवून झोपलो.

त्याच्यावर काकांनी रात्री दहा वाजता धुणं वाळत घातलं.

मेन हूपवर, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागच्या मोठ्या कमानीवर, टॉवेल. समोरच्या खांबांवर मोजे. डोक्यावरच्या आडव्या नळीवर पायजमा. मागे ज्या नळ्यांना शॉक अ‍ॅब्सॉर्बर टांगले जाणार आहेत तिथे चादर, नीट चिमटे लावून. आणि सदरा हँगरला. हँगर कुठे अडकवला होता ते सांगतो. बऱ्याच शर्यतींच्या नियमात असं असतं की रोल केजच्या नळीला एक बारीक भोक पाडून ठेवायचं, पाचेक मिलिमीटरचं. तपासनीस त्यातून नळीची जाडी मोजतो, म्हणजे कुणी पातळ नळी वापरून फसवू नये. तीन वर्षं जिवापाड जपलेल्या नळीला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं. मी ते पाडताना डोळे जवळजवळ मिटले होते. त्यात हँगर होता.

"ते भोक त्यासाठीच ठेवलंयस ना?" काका म्हणाले. "बरं सुचलं तुला."

काकांचा आणि या ट्रकचा परिचय जुना आहे. पहिल्या वर्षी जमिनीवर चार नळ्या आणि खडूच्या रेघा एवढंच होतं, तेव्हा ते पहिल्यांदा गॅरेजच्या दारात आले. हात पाठीमागे बांधून. कामाच्या जागी हात पाठीमागे बांधून येणाऱ्या माणसाची मला तेव्हापासून धास्ती आहे.

"काय करतोयस?"

"ट्रक."

"अच्छा. मग माल कुठे भरणार?"

"माल नाही भरायचा, काका. शर्यतीचा आहे."

"मग मागे काय?"

"मागे सुटी चाकं, पेट्रोलची टाकी, शॉक अ‍ॅब्सॉर्बर."

"म्हणजे गाडीचाच माल गाडीत." काकांनी थोडा विचार केला. "माणसं किती?"

"दोन."

"एवढ्या मोठ्या गाडीत दोन? काचा कुठायत?"

"काचा नसतात. बाजूला जाळी."

"पाऊस आला तर?"

"भिजायचं."

"धूळ?"

"खायची."

"आणि हे घेऊन जायचं कुठे?"

"वाळवंटात. शर्यत असते. कधी कधी हजार मैलांच्या आसपास."

"वाळवंटात काय आहे?"

"काही नाही."

"मग पोचायचं कुठे?"

ही शर्यत कधी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते आणि कधी फिरून मूळ जागी येते. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "कधी कधी निघालो तिथेच."

काका बराच वेळ गप्प राहिले. मग फार मायेने विचारलं, "हॉर्न तरी आहे ना?"

आहे. पुढच्याने बाजूला व्हावं म्हणून असतो. "आहे," मी म्हणालो.

"चला," काका म्हणाले, आणि पाठीमागे हात बांधून निघून गेले.

पुढे कधीतरी मी मागच्या अ‍ॅक्सलचे, म्हणजे दोन मागच्या चाकांमधल्या आसाचे, चार दांडे बसवले आणि तो वरखाली करून बघत होतो. साध्या गाडीचं चाक वीतभर हललं तरी पुष्कळ झालं. माझं मागचं चाक साठ सेंटिमीटर प्रवास करतं. दगडधोंड्यांतून जाताना चाक खड्ड्यात उतरतं, उंचवट्यावर चढतं आणि वरचा सांगाडा आपला सरळ चालतो, सगळी गंमत यातच आहे. हे साठ सेंटिमीटर मिळवायला मी एक अख्खा हिवाळा कागदावर त्रिकोण काढले आहेत. काकांनी अ‍ॅक्सल वर जाताना पाहिला, खाली येताना पाहिला.

"फार हलतंय," ते म्हणाले. "नट घट्ट कर."

मी काकांना सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. ते 'पाइप' म्हणायचे, मी 'ट्यूब' म्हणायचो. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. पाइप आतून काय वाहून नेणार त्या हिशेबाने विकला जातो, म्हणून दीड इंची पाइप बाहेरून मोजला तर एक पूर्णांक नऊ दशांश इंच भरतो. ट्यूबचं माप सरळ बाहेरून घेतात, कारण ती भार घ्यायला असते. माझी ट्यूब पावणेदोन इंची, म्हणजे खरोखरची पावणेदोन, भिंत तीन मिलिमीटर. मी हे सगळं काकांना सांगितलं. "बरोबर," काका म्हणाले, "नळाला पण हाच पाइप असतो."

एकदा तर मी इतिहासही काढला. ब्रूस मायर्स नावाचा माणूस फायबरग्लासच्या बोटी बांधायचा. 1964 साली त्याने आपल्या गॅरेजमध्ये फायबरग्लासची छोटीशी बग्गी उभी केली, इंजिन फोक्सवॅगन बीटलचं. तीन वर्षांनी, 1967 मध्ये, मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात पहिली हजार मैलांची म्हणवली जाणारी शर्यत झाली. प्रत्यक्षात अंतर होतं 849 मैल. ती जिंकली त्याच्या बनावटीच्या एका बग्गीने, 27 तास 38 मिनिटांत. मोठमोठ्या गाड्या मागे. मुद्दा असा की हे खूळ गॅरेजमधूनच निघालं, कारखान्यातून नाही. मी इतका रंगून सांगत होतो की हातातला ग्राइंडर तसाच राहिला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याची बायको काय म्हणाली?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आतल्या खोलीतून मात्र हसण्याचा आवाज आला.

तर काकांकडे कपडे वाळत घालायचा स्टँड नाही का? होता. इथेच माझी बाजू लंगडी पडते.

गेल्या महिन्यात त्याचा एक पाय तुटला. काका तो खांद्यावर टाकून आले. "तू एवढा ट्रक जोडतोस, हे तर तुझ्या डाव्या हाताचं काम." असं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? खरं तर मनात गुदगुल्या झाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हाताला कसब आहे असं मानलं होतं.

आधी त्यावरचा गंजरोधक जस्ताचा थर ग्राइंडरने काढला. जस्ताची वाफ 907 अंशांनाच होते आणि पोलाद वितळायला जवळजवळ दीड हजार लागतात, त्यामुळे तसंच वेल्ड केलं तर पांढरा धूर निघतो आणि तो हुंगला की संध्याकाळी थंडीताप भरतो. काका बाहेर उभे राहायला तयार नव्हते. बोटांच्या फटीतून बघणार होते. बोटांच्या फटीतून बघितलं की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, मी ते भोगलंय. म्हणून त्यांना माझं जादा हेल्मेट दिलं. त्याची काच एरवी हिरवट असते आणि ठिणगी पडली की आपोआप काळी होते.

"सगळं हिरवं दिसतंय," काका आतून म्हणाले.

"असू दे."

मी वेल्डिंग मशीनचा ट्रिगर दाबला.

"अरे, दिवे गेले!" काका जोरात ओरडले.

माझा हात दचकला आणि नळीला वाटाण्याएवढं भोक पडलं. गेला महिनाभर मी हेच सांगतोय: काका ओरडले, म्हणून भोक पडलं. आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. भोक आधी पडलं. काका नंतर ओरडले.

मशीन तीन मिलिमीटरच्या नळीसाठी लावलेलं होतं. स्टँडची नळी एक मिलिमीटरसुद्धा नव्हती, डब्याच्या पत्र्यासारखी. मी करंट कमी केला आणि भोक बुजवायला गेलो, तर ते नाण्याएवढं झालं. कडेला टिपका देऊन बघितला, ती कडच आत पडली. मग शेजारचा चांगला पाय तापून वाकला. पंधरा मिनिटांत स्टँडचे दोन पाय गेले होते आणि तिसरा विचारात होता.

काकांनी हेल्मेट काढलं. आधी स्टँडकडे पाहिलं. मग ट्रककडे पाहिलं. मग परत स्टँडकडे.

"तू याच्यात ताशी शंभराने जाणार आहेस ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"पातळ नळी जोडणं जास्त अवघड असतं, काका."

हे शंभर टक्के खरं आहे. कुठल्याही वेल्डरला विचारा. पण काही खरी वाक्यं जन्मतःच बहाण्याच्या आवाजात येतात. काकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि खरं सांगायचं तर राग काकांवर नाहीच. निदान सगळा नाही. तीन वर्षांत जो येतो तो एकच वाक्य बोलून जातो: "छान छंद आहे." छंद! छंद म्हणजे पोस्टाची तिकिटं. नळी वाकवताना ती थोडी परत उलगडते, म्हणून नव्वद अंश हवे असतील तर त्र्याण्णवपर्यंत ओढायची, आणि ते तीन आहेत की चार हे प्रत्येक लांबीवर टाकाऊ तुकडा वाकवून बघायचं. दुसऱ्या नळीवर बसणारं प्रत्येक टोक माशाच्या तोंडासारखं कोरायचं आणि कानशीने घासत बसवायचं, फटीतून उजेड दिसेनासा होईपर्यंत. असे माझ्या सांगाड्यात दीडशेच्या आसपास सांधे आहेत. एकदा दोन्ही बाजूंच्या नळ्या वाकवून झाल्यावर कळलं की दोन्ही डाव्याच आहेत. त्या रात्री गॅरेजच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा घरातून कुणीतरी म्हणालं, "मजा चाललीय ना?" हो. फार.

शिवाय लोकांना दिसतं ते वेल्डिंग. ठिणग्या उडतात, फोटो छान येतो. माझा हिशेब विचाराल तर दहा तासांत वेल्डिंग अर्धा तास. बाकी मोजणं, कापणं, घासणं, गुण्या लावणं, गुण्यात नाही म्हणून परत कापणं, आणि मघाशी इथेच ठेवलेली पेन्सिल शोधणं. पेन्सिल शोधण्याचा फोटो कुणी काढत नाही. शर्यतीला असे लोक येतात ज्यांनी चेक लिहून ट्रक आणलेला असतो. त्यांना कुणी विचारत नाही, छंद आहे का म्हणून. त्यांना टीम म्हणतात.

असो. पायजमा.

सकाळी दारात उभं राहून मी काकांना रसायनशास्त्र समजावलं. उघडं पोलाद, ओला कपडा, रात्रभर हवा: गंज येणारच. "डाग मी पाडला नाही, तुम्ही पाडलात, आणि तिकडे ट्रकवर पण पडलाय." दोघं अंगणात गेलो. आडव्या नळीवर नारिंगी पट्टा. कमानीवर टॉवेलच्या विणीचा ठसा, जाळीदार, एक एक टाका मोजता येईल असा. चादरीखाली तर शॉकच्या नळ्या पूर्ण गंजाने मढल्या होत्या. म्हणजे कालचा अख्खा दिवस वाया. परत घासा, परत पुसा.

काकांनी वाकून टॉवेलचा ठसा निरखला. "नक्षी चांगली आलीय," म्हणाले.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर परत सॉरीच निघालं असतं.

"पण एक मानलं," काका पुढे म्हणाले. त्यांनी आडव्या नळीला दोन्ही हातांनी धरून, पाय जरासे उचलून, चक्क लोंबकळून बघितलं. "ओली चादर टाकली तरी इकडचं तिकडे झालं नाही. आमचा तो स्टँड एका टॉवेलने कलायचा. हे काम तू पक्कं केलंयस."

लाज वाटते सांगायला, पण तीन वर्षांत माझ्या वेल्डबद्दल कुणी काढलेले हे पहिले बरे उद्गार. त्या भरात मी पायजमा त्यांच्या हातातून घेतला. ब्लीच लावलं तर गंजाचा डाग उलट पक्का बसतो, हे मला माहीत आहे आणि काकांना नाही. त्यामुळे आत्ता मी अंगणात बसून हा लेख लिहितोय, समोर बादलीत काकांचा पायजमा लिंबाच्या रसात भिजतोय आणि दुसऱ्या हाताशी पॉलिश पेपर आहे. चादरीखालच्या नळ्या तेवढ्या राहिल्यात.

मघाशी काकांनी कुंपणावरून डोकं काढलं.

"रंग कधी देणार म्हणालास?"

"आज प्रायमर. उद्या रंग."

"वाळायला किती वेळ?"

"एक दिवस धरा."

"बरं झालं," काका म्हणाले. "परवा गोधड्या काढायच्यात."