‘देल्ला’ म्हणते म्हणून लेकराच्या जिभेवर वेखंड?

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. ‘दिला’ला ‘देल्ला’ म्हणणाऱ्या पोरांची जीभ जड असते, ती ‘इ’पर्यंत चढतच नाही, म्हणून रोज वेखंड उगाळून जिभेवर घासा आणि १०८ वेळा ‘ई’ म्हणायला लावा, कारण ‘ई’ हा उंच स्वर, त्यानं डोक्याला कंपनं मिळतात. वरून इंग्रजीत पाचच स्वर वगैरे ज्ञान. एरवी सोडून दिलं असतं, पण परवा मोठ्या मायनं खरंच सहाण काढली आणि आमचं चार वर्षांचं पोरगं रडत अंगणात पळालं.

अरे बाप्पा, जीभ वर जात नाही तर तेच पोरगं ‘मले निंबू दे’ कसं म्हणते? ‘निं’मध्ये इ नाही तर काय आहे? आपण वऱ्हाडात ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतो, आणि हा ‘य’ म्हणजे इ चा सख्खा भाऊ, जीभ तशीच टाळूजवळ जाते, शाळेत अति + अधिक = अत्यधिक असा संधी केला होता ना, इ चा य झाला, तोच. हनुवटीखाली बोट ठेवून ‘माय’ म्हणून पाहा. ‘मा’ला जबडा खाली, ‘य’ला वर. लेकरू हे दिवसातून शंभरदा करते. ‘देल्ला’ त्यानं घरात ऐकला म्हणून म्हणते, त्याच्या आजोबाची जीभ कोणी घासली होती? आणि वेखंड म्हणजे काही प्रसाद नाही, अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या वस्तूत टाकायला बंदी आहे.

आता ‘उंच’. ही उंची जिभेची, आवाजाची नाही. डॉक्टर घसा पाहायला ‘आ कर’ म्हणतो, ‘ई कर’ म्हणत नाही, कारण ई ला जीभ वर येऊन वाट अडवते. पीटरसन आणि बार्नी या दोन संशोधकांनी १९५२ मध्ये ७६ लोकांचे इंग्रजी स्वर मोजले, त्यात पुरुषांच्या ‘ई’चा तोंडातला पहिला घुमारा (म्हणजे तोंडाच्या पोकळीत आवाज घुमतो, त्यातला सगळ्यात खालचा) सरासरी २७० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, ‘आ’चा ७३०. म्हणजे जीभ उंच तर आकडा उलटा कमी! हां, ई म्हणताना गळ्याची पट्टी जराशी चढते, एवढं मान्य. पण त्यानं डोकं चालायला लागत असतं तर मेसेज लिहिणाऱ्यानं आधी स्वतः म्हणून पाहिलं असतं.

इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच आहेत, स्वर पाच नाही. त्याच दोघांनी दहा मोजले.

पोरगं खरंच उशिरा बोलत असेल तर आधी कान तपासून घ्या.

मोठ्या मायले विचारलं, वेखंड आणलं कुठून? म्हणते, “दुकानवाल्यानं फुकटच देल्लं.”