ह्विट्रेस्कचं घर आणि तुमचे दोन आक्षेप

नमस्कार. फिनलंडमधल्या ह्विट्रेस्क या घरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की शेतकऱ्याच्या ओंडक्यांच्या घराची नक्कल करून शहरातल्या तीन वास्तुविशारदांनी जंगलात मांडलेला तो देखावा आहे, आणि मी त्याला भुलले. शिवाय, माझ्या लेखात पुरुषच आहेत, बाई एकही नाही. दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. पहिल्याबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचंय.

हर्मन गेसेलियस, लिंडग्रेन आणि एलिएल सारिनेन या तिघा वास्तुविशारदांनी हेलसिंकीजवळ किर्कोनुम्मीत १९०१ ते १९०३ दरम्यान हे घर उभारलं. ते शेतकरी नव्हते. घराचं नावसुद्धा स्वीडिश, खालच्या तळ्यावरून घेतलेलं. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण काळ बघा. फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात, आणि १८९९च्या जाहीरनाम्याने होती तेवढी स्वायत्तताही आवळलेली. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात फिनलंडचा स्वतंत्र मंडप उभा राहिला, तो याच तिघांचा. 'आपलं' म्हणून दाखवायला त्यांच्याजवळ काय होतं? लाकूड, ग्रॅनाइट, जुनी चर्चं, गावातली विणलेली वस्त्रं. तेच त्यांनी हाती घेतलं. त्यात स्वप्नरंजन होतं, पण फसवणूक नव्हती.

तुमचा आक्षेप नवा नाही, आणि हे मी तुम्हाला कमी लेखायला सांगत नाही. १९०४ साली हेलसिंकी रेल्वे स्थानकाच्या स्पर्धेत सारिनेनचा आराखडा पहिला आला, तेव्हा सिगुर्ड फ्रोस्टेरुस या तरुण वास्तुविशारदाने जवळपास हेच म्हटलं: हे जुनाट रोमँटिक बांधकाम आगगाडीच्या युगाला शोभत नाही. सारिनेनने ते ऐकलं. आराखडा बदलला. १९१९मध्ये सुरू झालेलं ते स्थानक बघाल तर ओंडक्यांच्या घराशी त्याचं नातं शोधावं लागतं. टीका मनावर घेऊन स्वतःचं जिंकलेलं काम मोडणाऱ्या माणसाला मी देखावेवाला म्हणू शकत नाही. तो त्या घरात राहत होता आणि त्याच घरात बसून पुढे जात होता.

स्टुडिओत उभी राहिले तेव्हा हे मला आतून पटलं. मुख्य इमारतीच्या एका टोकाला सारिनेनचं बिऱ्हाड, दुसऱ्या टोकाला लिंडग्रेनचं, आणि मध्ये ही लांबट खोली. म्हणजे जेवणाच्या टेबलावरून उठलं की आठ-दहा पावलांत कामाचं टेबल. बैठकीच्या खोलीत चित्रकार गाल्लेन-काल्लेलाचा 'लिएक्की' (ज्वाला) हा गालिचा भिंतीवरून उतरून बाकावर पसरलेला आहे. त्यावर लोकांनी खरोखर टेकून बसावं अशीच त्याची रचना आहे. देखाव्यात असं कुणी करत नाही.

आता माझी चूक. लोया गेसेलियस. हर्मन गेसेलियसची बहीण, पॅरिसमध्ये शिकलेली शिल्पकार. १९०४ साली एलिएलचा पहिली बायको मथिल्डाशी घटस्फोट झाला, मथिल्डाने हर्मनशी लग्न केलं आणि लोयाने एलिएलशी. म्हणजे कालपर्यंत एलिएलची बायको असलेली बाई लोयाची वहिनी झाली, आणि दोन्ही बिऱ्हाडं त्याच आवारात. मी लेखात एवढीच गोष्ट चघळली आणि लोयाचं काम सोडून दिलं, हे मला लागलं. एलिएल १९२३ साली शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या इमारतीसाठीच्या स्पर्धेतल्या दुसऱ्या बक्षिसाच्या जोरावर अमेरिकेला गेला. तिथे मिशिगनमधल्या क्रॅनब्रूक या कलाशिक्षणाच्या संस्थेत १९२८मध्ये लोयाने स्वतःच्या नावाने विणकामाचा स्टुडिओ काढला आणि नवऱ्याच्या इमारतींचे पडदे, गालिचे तिथे विणले गेले. मुलगी पिप्सान पुढे रचनाकार झाली. मुलगा एरो १९१०मध्ये ह्विट्रेस्कलाच जन्मला, वडिलांच्या स्टुडिओत चित्रं काढत वाढला आणि पुढे सेंट लुईसची कमान त्याने रचली. या घरातून बाहेर पडलेलं काम लोयाला वगळून सांगताच येत नाही. मूळ लेखात तिच्यावर वेगळा भाग आज रात्रीच घालते आहे, तुमच्या आक्षेपाचा उल्लेख करून.

'देखावा' हा शब्द मात्र मी स्वीकारणार नाही. एलिएल १९५० साली अमेरिकेत वारला. सत्तावीस वर्षं तिकडे काढलेल्या या माणसाची रक्षा परत याच तळ्याकाठी आणून पुरली आहे.