कोंड्याच्या शाम्पूला विष म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडे माझं मेडिकलचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावरचं, विडी वळणाऱ्या बायका, गारमेंटमध्ये शिलाईला जाणारी पोरं. परवा एक अक्का निम्मी वापरलेली शाम्पूची बाटली घेऊन आल्या. "ताई, ही परत घ्या. सुनेला डॉक्टरांनी दिली होती, पण ह्यानं लिव्हर जातंय म्हणे. मोबाईलवर आलंय की."

तो मेसेज त्याआधी मला आणखी चौघांनी दाखवला होता. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं : कोंड्याच्या शाम्पूत केटोकोनॅझोल नावाचं विष असतं, लिव्हर खराब होतं म्हणून परदेशात त्यावर बंदी आहे. त्यानं केस गळून टक्कल पडतं. एकदा सुरू केला की जन्मभर सुटत नाही. कोंडा रक्तातल्या घाणीमुळे होतो. खोबरेल तेलात लिंबू आणि कापूर घालून रात्रभर लावा, सात दिवसांत कोंडा मुळापासून जातो.

बंदीपासून सुरुवात करते, कारण लोक घाबरलेत ते त्यालाच. बंदीची गोष्ट खरी आहे, पण ती गोळीची आहे. केटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, ते पोटातून घ्यायच्या गोळीच्या रूपात १९८१ साली अमेरिकेत आलं. काही रुग्णांच्या यकृताला त्या गोळीनं गंभीर इजा होते, हे पुढे दिसत गेलं. २०१३ साली युरोपच्या औषध नियामकांनी ती गोळी बाजारातून थांबवायची शिफारस केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या नियामकांनी सांगितलं, की कुठल्याही बुरशीच्या आजारावर ही गोळी पहिला उपाय म्हणून देऊ नका. त्याच सूचनेत त्यांनी हेही स्पष्ट केलं होतं, की क्रीम आणि शाम्पूचा यकृताच्या इजेशी संबंध आढळलेला नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकी ती ओळ गाळली. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून यकृतात जाते. शाम्पू डोक्यावर पाच मिनिटं राहतो आणि धुतला जातो, कातडीतून रक्तात उतरतो तो नगण्य. म्हणून शाम्पू चुकूनही पोटात जाऊ देऊ नये आणि बाटली पोरांच्या हाताला लागू नये. लिव्हरपुरती काळजी घ्यायची ती एवढीच.

मेसेजमध्ये नाही, पण त्याच्या खाली कुणीतरी जोडलेली एक ओळ आहे : "झिंकवालाही बंद आहे." कोंड्याच्या काही शाम्पूंत असणारं झिंक पायरिथिऑन युरोपात सौंदर्यप्रसाधनांतून मार्च २०२२ पासून खरंच बंद झालं. प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून ते प्रजननाला घातक अशा गटात टाकलं गेलं, आणि त्या गटातलं द्रव्य पर्याय नाही असं सिद्ध झाल्याशिवाय प्रसाधनात चालत नाही, असा तिथला कायदा आहे. मात्र युरोपच्याच वैज्ञानिक समितीनं धुऊन टाकायच्या कोंड्याच्या शाम्पूत एक टक्क्यापर्यंत ते सुरक्षित असल्याचं मत दिलं होतं. ज्याला तरीही नको वाटतं, त्यानं दुसरा शाम्पू घ्यावा. माझं काही म्हणणं नाही.

केस गळण्याचं बघू. रोज पन्नास ते शंभर केस कुणाचेही गळतात. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्या बाईला ते सगळे न्हाणीघराच्या जाळीवर एकदम दिसतात आणि दोष त्या दिवशी लावलेल्या शाम्पूवर येतो. औषधी शाम्पूनं डोकं थोडं कोरडं पडतं, कुणाला चुरचुरतं, क्वचित केसांचा पोत बदलतो किंवा केस थोडे जास्त गळतात. हे त्याच्या माहितीपत्रकातही असतं, मी लपवत नाही. जळजळ झाली, लाल झालं तर थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. पण टक्कल पडतं म्हणणं चूक आहे. कोंड्यानं खाज येते, नखं लागतात, कातडी सुजते. कोंडा तसाच सोडून दिला तर केसांना जास्त त्रास होतो.

"एकदा सुरू केला की सुटत नाही" ह्यात अर्ध खरं आहे. शाम्पूची सवय लागत नाही, कोंडा परत येतो. का येतो ते समजून घेतलं तर रक्तातल्या घाणीची गोष्टही आपोआप निकालात निघते. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मालासेझिया नावाची यीस्टच्या जातीची बुरशी राहते. हे नाव १८७४ साली तिचं वर्णन करणाऱ्या मालासे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञावरून पडलं. तिला स्वतःसाठी चरबी बनवता येत नाही, म्हणून ती आपल्या कातडीच्या तेलावर जगते. ते तेल फोडून ती ओलेइक ॲसिड वगैरे मागे सोडते. काहींच्या कातडीला ते सोसत नाही, तिथल्या पेशी घाईघाईनं बनून पोपडे होऊन गळतात. शाम्पू बुरशी कमी करतो, पण तुमची कातडी बदलत नाही. म्हणून दोन टक्क्यांचा केटोकोनॅझोल शाम्पू साधारणपणे आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, आणि मग आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा असा सांगतात. रोज लावायचा नसतो. लहान मूल असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

आता त्या घरगुती उपायाबद्दल. मला राग येतो तो इथे. जी बुरशी तेलावर जगते, तिला रात्रभर तेलात मुरवून ठेवायला हा मेसेज सांगतो. खोबरेल असो की आपल्याकडचं करडईचं, डोक्याच्या कातडीवर ते तिचं खाणंच आहे. आधीच कोंडा होणाऱ्यांच्या डोक्याला नुसतं ओलेइक ॲसिड लावलं तरी पोपडे सुटतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तेल लावल्यावर कोंडा गेल्यासारखा वाटतो कारण पोपडे ओले होऊन चिकटतात, वाळले की पुन्हा खांद्यावर. तेल आवडत असेल तर केसांच्या लांबीला लावा, मुळाशी चोळून ठेवू नका. लिंबाचं तर आणखी वाईट. खाजवून सोललेल्या कातडीवर आम्ल झोंबतं, आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात, नंतर काळे डाग राहतात. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हात, चाळीसच्या वर पारा असताना, कपाळावर ओघळलेला लिंबाचा रस घेऊन कामाला जायचं? कापूर तर लहान पोरांच्या घरात उघड्या वाटीत ठेवूच नका. थोडा जरी पोटात गेला तरी लेकराला आकडी येऊ शकते.

"आम्ही शाम्पू लावला, गुण आला नाही," असं सांगणारे मात्र खोटं बोलत नाहीत. विचारलं की कळतं, लावला आणि लगेच धुतला. आपल्याकडे नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, पिंप जपून वापरायचं असतं, म्हणून न्हाणं झटपट उरकतात. हे औषध आहे, त्याला तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यावं लागतं. त्याला पाणी जास्त लागत नाही : एका तांब्यात केस ओले करा, शाम्पू केसांना नाही तर बोटांच्या पेरांनी कातडीला चोळा, तसंच ठेवून बाकीचं अंग चोळून घ्या, मग डोकं स्वच्छ धुवा. बोअरच्या जड पाण्याला फेस येत नाही म्हणून दुप्पट ओतू नका. शेवटचे दोन तांबे नळाचं पाणी घ्या. सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू असेल तर अंगठ्या, चांदीच्या बांगड्या काढून ठेवा, काळ्या पडतात. कोल टारचा असेल तर त्या दिवशी भर उन्हात उघड्या डोक्यानं फिरू नका.

आणि ज्याची खरी भीती बाळगावी ते त्या मेसेजमध्ये नाहीच. खाज लगेच थांबते म्हणून लोक स्टिरॉइडचं लोशन चिठ्ठीशिवाय मागतात, शेजारणीची उरलेली बाटली वापरतात. त्यानं कातडी पातळ होते, बुरशी आतल्या आत पसरते, आणि बंद केलं की दुप्पट उसळतं. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. ह्यावरून माझी गिऱ्हाईकं तुटलीत, तुटू देत.

दर वेळी तो कोंडाच असतो असंही नाही. जाड, चंदेरी खपल्या कपाळाच्या रेषेबाहेर येत असतील, कोपरा-गुडघ्यावरही असतील, तर सोरायसिस नावाचा कातडीचा आजार असू शकतो. पोराच्या डोक्यात गोल चट्टा पडून तिथले केस मुळाशी तुटलेले दिसले, तर तो बुरशीचा वेगळा आजार असू शकतो.

अक्कांना मी हे सांगत होते, तेव्हा त्या मध्येच म्हणाल्या, "तसला चट्टा तर नातवाला हाय की. त्याला तेच लिंबू-कापूर लावतोय आम्ही." मी पोराला बोलावून घेतलं. रुपयाएवढा चट्टा होता, केस खुंटासारखे, कडेनं कातडी सोललेली. ह्याला नुसता शाम्पू पुरत नाही, पोटातून बुरशीचं औषध कित्येक आठवडे द्यावं लागतं. ते औषध वेगळं, केटोकोनॅझोलची ती बंद झालेली गोळी नव्हे, आणि ते तपासून डॉक्टरांनीच द्यायचं. शाम्पूनं फक्त दुसऱ्यांना लागण व्हायची कमी होते. घरात एकच कंगवा, एकच टॉवेल, आणि आणखी दोन पोरं. मी म्हटलं, त्यांचीही डोकी उजेडात बघा. संध्याकाळी फोन आला, धाकटीच्या कानामागे तसाच चट्टा आहे. सोमवारी दोघांना घेऊन त्या सिव्हिलच्या कातडीच्या विभागात गेल्या. सुनेची बाटली मी परत घेतली नव्हती, ती तिच्याकडेच आहे.